सहाव्या भागातलं खोटं

अमरावतीला मी टाळ्या घ्यायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी माफी मागायला म्हणून घरातून निघाले असा कुणाचा समज व्हायचा. तसं काही नव्हतं. एका महाविद्यालयानं व्याख्यानाला बोलावलं होतं, थंडीचे दिवस होते, आणि वऱ्हाड मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मालिका लिहिते. मूळची पुण्याची, गेली अठरा वर्षं मुंबईत. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर पाहायची एक मालिका आम्ही तिघांनी मिळून लिहिली, 'तिसरा नळ' नावाची. मुंबईतल्या एका दाट वस्तीतली गोष्ट. अंगावर येणाऱ्या गल्ल्या, पत्र्याचे जिने, पोलिसांचे खबरी, आणि या सगळ्याच्या मधोमध एक गादीचं दुकान, जिथं गाद्यांच्या पोटात गर्दच्या पुड्या शिवल्या जातात. तो गादीवाला वऱ्हाडी बोलतो. कुणाला मारायच्या आधी तो गोड हसून विचारतो, "गादी घालून देऊ का, बाप्पा?" हे वाक्य फार चाललं. लोकांनी फोनच्या घंटीला लावलं.

त्या वाक्याचा खरा मालक वेगळा होता, आणि तो ते गिऱ्हाइकांना विचारायचा. त्याच्याकडे येतेच आता.

अमरावती

स्टेशनवर न्यायला सुनंदा इंगळे आल्या होत्या. मराठीच्या प्राध्यापिका, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. मी नमस्कार करेपर्यंत त्यांनी माझी बॅग उचलली होती. "आंदी खाऊन घ्या, मंग गेस्ट हाउस," म्हणाल्या आणि सरळ राजकमल चौकाकडे घेऊन गेल्या. तिथं मी पहिल्यांदा गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा, वर चिंचेचं पाणी आणि तिखट. पुण्यात आपण पाहुण्याला "काय घेणार?" विचारतो. इथं कुणी विचारत नाही. दुसरी प्लेट आली तेव्हा मी नको म्हटलं, तर सुनंदाताई म्हणाल्या, "नको कायले? उपाशी भाषन देता का?" हा प्रश्न मला भांडल्यासारखा वाटला. मग कळलं की ही इथली माया आहे.

खरं सांगायचं तर मला त्यांचं बोलणं ऐकताना मनातल्या मनात हसू येत होतं. दोन वर्षं मी या बोलीवर हशे वसूल केले होते. आजूबाजूला सगळे तसंच बोलत होते, रिक्षावाले, भाजीवाल्या, बँकेतून बाहेर पडणारी टाय घातलेली माणसं, आणि माझा कान दर वाक्याला विनोदाची वाट पाहत होता.

सभागृह भरलं होतं. मी तयारीनं बोलले. वस्तीच्या गोष्टी आपण का पाहतो, तिथलं खरेपण कसं पकडायचं, मी त्या गल्लीत वीस दिवस कशी जाऊन बसले, तिथल्या बायकांच्या हातचं कशी जेवले. "खरा माणूस समोर असल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही," असंही म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग प्रश्न. एका मुलानं विचारलं की मुंबई खरंच तशी आहे का, कारण त्याला तिथं नोकरी मिळाली होती आणि मालिका पाहिल्यापासून आई जाऊ देत नव्हती. सगळे हसले, मीही हसले. मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. निळा कुर्ता, डोक्यावरून ओढणी, हातात वही.

"मॅडम, तुमच्या मालिकेत वीस-पंचवीस लोक हायेत. वऱ्हाडी फक्त एकच बोलते. अन् तोच मारेकरी हाये, अन् त्याच्याच बोलन्यावर लोक हासतात. असं काहून?"

मी पाण्याचा घोट घेतला आणि हसून म्हणाले, "कारण सगळ्यात लक्षात राहणारी भाषा मी सगळ्यात लक्षात राहणाऱ्या माणसाला दिली." पुन्हा टाळ्या. मुलगी लगेच बसली नाही.

चहाच्या वेळी सुनंदाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "उत्तर झकास होतं. पोरीचा सवाल मात्र तसाच राहिला." मी काही बोलायच्या आत ती मुलगी समोर आली. नाव तबस्सुम, गाव अकोट.

"मॅडम, तुमचा तो गादीवाला खरा हाये ना? करीमचाचा. ते आता आमच्याच मोहल्ल्यात राह्यतात. मुंबईचं दुकान बंद करून आले." आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते तिनं पाहिलं. "त्यांची बायको त्यांच्याशी बोलत नाही. सालभर झालं. तुमच्या सहाव्या भागापासून."

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला.

करीमभाई आणि जुलेखाभाभी. त्या वीस दिवसांत मी जिच्या हातचं जेवले ती जुलेखाभाभी, आणि जिथं बसून मी वह्या भरल्या ते करीमभाईंचं दुकान. तीस वर्षांपूर्वी अकोटहून रुई पिंजायचं काम घेऊन मुंबईला गेलेला माणूस. उजव्या हाताची दोन बोटं पिंजण्याच्या यंत्रात गेलेली. दारात कुणी उभं राहिलं की विचारायचा, "गादी घालून देऊ का, बाप्पा?" मी त्याची बोटं घेतली, त्याची बोली घेतली, त्याचं वाक्य घेतलं. आणि आणखी एक गोष्ट घेतली.

त्यांची मुलगी नसीम एकोणीस वर्षांची असताना गेली होती. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायची, रुईच्या ढिगाशेजारी. एका सकाळी तापानं फणफणलेली, तोंडाला फेस, हात ताठ. तीन दिवसांत संपली. ताप डोक्यात गेला एवढंच डॉक्टर सांगू शकले. जुलेखाभाभीनं हे मला एका दुपारी मटार सोलता सोलता सांगितलं होतं. मी तिचा हात धरला होता. मग जिना उतरून रस्त्यावर आले आणि विसरायला नको म्हणून फेस, ताठ हात, पोटमाळा, सगळं फोनमध्ये टिपून ठेवलं.

सहाव्या भागात माझ्या गादीवाल्याची मुलगी मरते. बापानं गादीत शिवलेली पुडी फुटते, ती त्याच गादीवर झोपलेली असते. तोंडाला फेस, हात ताठ.

मालिका आल्यावर करीमभाईंचे मला अकरा फोन आले होते. मी एकही घेतला नाही. वाटलं, नटाबरोबर फोटो हवा असेल, किंवा तक्रार असेल. मग एक आवाजी निरोप आला होता. तोही मी ऐकला नव्हता. त्या दुपारी गेस्ट हाउसच्या खोलीत, पलंगावर बसून, मी तो शोधून काढला.

"वृंदाताई, सलाम. करीम बोलून राहिलो, गादीवाला. तुमी बिझी असान. मले काई नाई पायजे. एकच काम हाये. जुलेखाले एक फोन करा अन् सांगा का ते नसीमचं तुमी मनानं बनवलं. ती म्हनते, ताईले कोनीतरी सांगतलं असन, ताई खोटं काहून लिवन. मी लय समजावलं. माझं नाई आयकत. तुमचं आयकन. दोन मिनिटाचं काम हाये ताई."

चौतीस सेकंदांचा निरोप. वर्षभर तो माझ्या फोनमध्ये पडून होता.

अकोला

परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. ते मी रद्द केलं. सुनंदाताई आठवडाअखेर अकोल्याला घरी जायच्या, म्हणाल्या, "माझ्याकडे राहा, अकोट तिथून तासाभराचं." मी त्यांना इतकंच सांगितलं होतं की अकोटला एका ओळखीच्या घरी जायचं आहे. बाकीचं सांगायचं धाडस झालं नाही.

बडनेरा मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन उघडली. आपल्याकडे जमीन म्हटली की कुठंतरी टेकडी मध्ये येते. इथं नजर जाते ती जातच राहते. कपाशीची बोंडं फुटलेली, तूर कंबरेएवढी, मधूनच संत्र्याची बाग. बायका ओटीत कापूस वेचत होत्या. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी पाय मोकळे करायला उतरले, आणि परत चढले ती नेमकी शेजारच्या बसमध्ये. माझ्या जागेवर एक आजोबा बसलेले पाहून मी त्यांना "ही माझी सीट आहे" म्हणून ऐकवलं. ते निवांतपणे म्हणाले, "असन बाई. पन थे सीट कारंज्याले जाऊन राहिली. तुमाले कारंज्याले जायचं काय?" सगळी बस हसली. मी धावत उतरले. सुनंदाताई आमच्या बसच्या दारात उभ्या राहून कंडक्टरला अडवत होत्या.

अकोल्यात त्यांच्या घरी दुपारचं जेवण वाट पाहत होतं. ज्वारीची भाकर, बेसनाच्या वड्यांचा, पातोडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर कच्चं फल्लीचं तेल, म्हणजे आपलं शेंगदाण्याचं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनंदाताईंचे यजमान विलासराव फार खूश झाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हसतमुख गृहस्थ. मालिका त्यांनी दोनदा पाहिली होती. मी येणार म्हणून शेजारच्या दोन कुटुंबांनाही त्यांनी बोलावून ठेवलं होतं.

जेवण झालं आणि विलासराव उठले. "मॅडम, आता तुमी सांगा, जमलं का नाई?" त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं आत दुमडली, मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "गादी घालून देऊ का, बाप्पा?"

खोली हास्यानं भरून गेली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अगदी तसंच्या तसं. एका छोट्या मुलीनंही बोटं दुमडून करून दाखवलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, लेखिका काय म्हणते म्हणून. मी म्हणाले, "छान." तोंडातून तेवढंच बाहेर आलं, आणि वर मी हसलेही.

नंतर स्वयंपाकघरात ताटं नेताना मला रडू फुटलं. सुनंदाताईंना वाटलं ठेचा लागला. मग मी सगळं सांगितलं, पोटमाळा, मटार, अकरा फोन. त्या ऐकत राहिल्या. ताट हातात तसंच होतं.

"फोन तर तुमी आताही करू शकता," त्या म्हणाल्या.

"फोनवर सांगायला मला लाज वाटते."

"अन् तोंडावर?"

"तोंडावर जास्त."

"मंग तोंडावरच सांगा," त्या म्हणाल्या, आणि ताट घासायला घेतलं. थोड्या वेळानं पाठमोऱ्याच म्हणाल्या, "यांचं मनावर घेऊ नका. यांना काय माहीत, ते खऱ्या मानसाचे बोट हायेत म्हनून."

विलासरावांचा काहीच दोष नव्हता. त्यांना हसायला मी शिकवलं होतं.

अकोट

सकाळच्या बसनं निघालो. सुनंदाताई सोबत आल्या, पण मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांची एक मैत्रीण राहते, तिच्याकडे थांबणार होत्या. "आत तुमच्या तुमी जा," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

गांधीग्रामला पूर्णा नदी ओलांडली. तिथं गाडीत गूळपट्टी विकायला आली, सुनंदाताईंनी एक पुडा माझ्या हातात कोंबला. या पट्ट्यातलं जमिनीतलं पाणी खारं, म्हणून पूर्वी पिण्याच्या पाण्याचे किती हाल होते ते त्या सांगत होत्या. पुढं कापसाचे ट्रॅक्टर लागले, एकामागे एक, पांढऱ्या ढिगांवर ताडपत्री ताणलेली. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत कापसाचे पुंजके अडकले होते. उत्तरेला सातपुडा निळसर दिसत होता. इतकं सुंदर होतं सगळं, आणि मी गूळपट्टीचा पुडा न उघडता हातात धरून बसले होते.

तबस्सुमनं पत्ता दिला होता. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागची गल्ली, हिरवं दार. दाराबाहेरच पत्र्याच्या शेडमध्ये पिंजण्याचं यंत्र धडधडत होतं आणि रुईच्या धुळीत एक माणूस तोंडाला फडकं बांधून उभा होता. त्यानं मला पाहिलं, यंत्र बंद केलं, फडकं खाली ओढलं.

"वृंदाताई?" करीमभाईंचा चेहरा उजळला. "तुमी आल्या? मी म्हटलंच होतं जुलेखाले, ताई येईन एखाद्या दिवशी."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी स्टूल पुसलं, माझी विचारपूस केली, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. हे त्यांच्या लक्षात होतं. मी म्हटलं, "करीमभाई, मी तुमचे फोन..." तर म्हणाले, "कामाच्या मानसाले टाइम कुठी असते. जाऊ द्या." मुंबईचं दुकान का सोडलं विचारलं तेव्हा त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, पोरं दुकानासमोर व्हिडिओ काढायला यायची, बोटं दुमडून. ते चाललं असतं. पण एक जुनं गिऱ्हाईक आलं, आठ वर्षांपासून येणारं, आणि नवी गादी पाहून म्हणालं, आधी फाडून दाखवा, आत काय आहे ते.

"हासतच म्हनला तो. पन मी फाडून दाखवली ताई. माझ्या हातानं शिवलेली." त्यांनी पुन्हा फडकं हातात घेतलं. "ते बी चाललं असतं. घरातलं नाई चालत. ती माझ्यासमोर ताट ठेवते अन् बोलत नाई. आत हाये. जा तुमी."

मी आत गेले. जुलेखाभाभी खाटेवर बसून गादीच्या खोळीला टाके घालत होती. केस पूर्वीपेक्षा पांढरे. माझ्याकडे पाहिलं, सुई थांबली, पुन्हा चालू झाली. बसा म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. वऱ्हाडात तीन दिवस जिथं जाईन तिथं दारातच तांब्या पुढं यायचा. त्याच तीन दिवसांत मला कळलं होतं की या घरात तो न येण्याचा अर्थ काय. मी जमिनीवर बसले.

"भाभी, मी माफी मागायला आले आहे."

"माफी नंतर," ती म्हणाली. "आंदी मले सांगा. कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. मी रचलं."

"खोटं नका बोलू ताई." आवाज शांत होता. "तोंडाले फेस, ते तुमी लिवलं. ते मीच सांगतलं होतं. खरं होतं. हात ताठ, ते बी खरं. माळा, ते बी खरं. इतकं सारं खरं लिवलं, मंग गादीतली पुडीच एकटी खोटी? तुमी वीस दिवस गल्लीत फिरल्या. सगळ्याइले भेटल्या. मी घरात बसनारी बाई. मले नाई माहीत दुकानात काय येत होतं अन् काय जात होतं. तुमाले कोनीतरी सांगतलं. त्याचं नाव सांगा, मी तुमाले पानी बी देतो अन् माफ बी करतो."

माझ्याकडे नाव नव्हतं. मी शपथ घेतली, तिनं मान हलवली. मी म्हणाले की मालिकेत असं करतात, ती म्हणाली, "करत असान." बाहेर यंत्र बंदच होतं. करीमभाई ऐकत असणार.

आणि तेव्हा मला आठवलं की पुरावा आहे. तो दाखवण्यापेक्षा उठून निघून जावं असं वाटलं. मी फोन काढला. आम्ही तिघं लेखक एकमेकांना पाठवायचो ते निरोप अजून तसेच होते. मी दोन वर्षांमागचे शोधले. दहा मिनिटं लागली असतील. ती टाके घालत राहिली.

"हे आम्ही लिहिताना एकमेकांना पाठवलेलं आहे," मी म्हणाले. "वाचते."

"वाचा."

मी वाचलं. पहिला निरोप माझाच होता. "सहावा भाग पडतोय. काहीतरी धक्का पाहिजे." त्यावर एकानं लिहिलं होतं, "भाजीवालीला मारू या?" मग पुन्हा मी. "भाजीवालीसाठी कोण रडणार? गादीवाल्याची मुलगी मारू या. बापाच्याच मालानं. सगळे रडतील." खाली दुसऱ्यानं टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते. त्याखाली मी लिहिलं होतं, "तोंडाला फेस वगैरे आहे माझ्याकडे. खरं मटेरियल."

सुई थांबली होती.

"मटेरियल म्हंजे?"

"म्हणजे सामान," मी म्हणाले. "वस्तू बनवायला लागतं ते. कापड, रुई, तसं."

तिनं सुई खोळीला टोचून ठेवली. मग म्हणाली, "पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. भाजीवाली, धक्का, टाळ्या, मटेरियल. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फुटला, पण तिनं थांबवलं नाही आणि मीही थांबले नाही.

"म्हंजे कोनीच नाई सांगतलं," ती म्हणाली.

"कुणीच नाही."

"तुमचा भाग पडत होता."

"हो."

"याच्यापाई मी त्या मानसाले सालभर..." तिनं वाक्य सोडलं. ओढणीनं तोंड झाकलं. मी पुढं सरकले तर तिनं हातानंच मला तिथं थांबवलं. मग डोळे पुसून उठली, फळीवरून वही काढली, मधलं पान फाडलं आणि पेनासकट माझ्यापुढं ठेवलं.

"तुमी लिवता ना? लिवा. नीट लिवा, कोनाले बी वाचता आलं पायजे."

मी लिहिलं. सहाव्या भागातली पुडीची गोष्ट मी मनानं रचली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. करीमभाईंच्या दुकानात मी वीस दिवस बसले, तिथं रुईशिवाय काही नव्हतं. नसीमच्या आजारपणाची हकीकत तिच्या आईनं मला विश्वासानं सांगितली होती, ती मी न विचारता वापरली. खाली सही केली. पाच ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. तिनं कागद हातात घेऊन अक्षर न् अक्षर वाचलं, घडी घातली आणि बुरखा चढवला. "चला."

गल्लीतच करीमभाईंच्या मोठ्या भावाचं घर होतं. मालिकेनंतर त्यांनी येणं-जाणं कमी केलं होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. ओसरीवर सात-आठ माणसं जमली. जुलेखाभाभीनं कागद माझ्याच हातात दिला. "वाचा." मी उभी राहून वाचला. मोठ्या भावांनी मान खाली घातली, मग पुतण्या असावा असा एक जण पुढं आला, त्यानं फोन काढला आणि विचारलं, "मॅडम, एक फोटो?" त्याच्या आईनं त्याच्या हातावर चापट मारली. मला वाटलं, ती मला मारली असती तरी चाललं असतं. मोठे भाऊ हळूच म्हणाले, "आमी बी इचारलं होतं त्याले एकदा. खरं हाये का म्हनून. आमी बी चुकलोच."

परत आलो तेव्हा करीमभाई शेडमध्ये तसेच स्टुलावर बसले होते. जुलेखाभाभी त्यांच्यासमोर उभी राहिली. मी गल्लीत थांबले.

"उठा," ती म्हणाली. "जेवाचं हाये का नाई?"

करीमभाई उठले नाहीत. त्यांनी फडक्यात तोंड लपवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ती वाकली, त्यांच्या डोक्यावरची रुई एकेक पुंजका करून काढत राहिली. मी पाठ फिरवली.

दुपारच्या बसला ती मला सोडायला आली. मी नको म्हटलं होतं. स्टँडवरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. सुनंदाताई अदबीनं लांब उभ्या होत्या. मी म्हणाले की मालिका दाखवणाऱ्यांना सहावा भाग बदलायला सांगेन, ऐकतील की नाही माहीत नाही. (त्यांनी ऐकलं नाही. सुरुवातीला दोन ओळींची पाटी टाकली, ती वाचून व्हायच्या आत जाते.) ती म्हणाली, ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

"भाभी, तुम्ही मला माफ..."

"नाई," ती म्हणाली. "मी नाई केलं. त्यानं कधीच केलं, तो तसाच हाये. मी नाई."

बस लागली. मी उठले. मग मला राहवेना, आणि ते विचारणंसुद्धा लाजिरवाणंच होतं, पण न विचारता काही करायची माझी हिंमत उरली नव्हती. "भाभी, हे जे झालं, इथं येणं, हे मी लिहू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार."

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली.

"लिवा," ती म्हणाली. "पन आमचे नाव घालू नका. अन् तुमचं घाला."

म्हणून त्या घरातली सगळी नावं इथं बदललेली आहेत, तिचं, त्यांचं आणि त्यांच्या मुलीचंही. तो सहावा भाग लिहिणारी मी. माझं नाव वृंदा आगटे.